पोलीस नवरा-बायको आणि टोळीतले खून: रहस्यकादंबरी कोणत्या क्रमाने लिहावी

ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक हस्तलिखितं वाचायला पाठवतात, त्यात हा विषय वरचेवर येतो. नवरा आणि बायको दोघंही पोलीस खात्यात तपास अधिकारी, टोळ्यांचं वैर पेटलेलं, एकामागून एक मुडदे पडताहेत. विषयात दम आहे. पहिलं प्रकरणही झकास जमलेलं असतं: मध्यरात्री फोन खणखणतो, दोघं एकाच पलंगावरून उठतात, एकाच गाडीत बसून घटनास्थळी पोहोचतात. बाराव्या प्रकरणापर्यंत मात्र लेखकालाच पत्ता नसतो की खून केला कुणी. नवरा-बायकोकडे तर भांडणाशिवाय बोलायला काही उरलेलंच नसतं.

प्रतिभा कमी पडते म्हणून हे होत नाही. क्रम चुकलेला असतो. वाचक ज्या क्रमाने गोष्ट वाचतो त्याच क्रमाने लेखकही ती रचायला बसतो, आणि रहस्यकथा त्या क्रमाने रचता येत नाही. योग्य क्रम खाली दिला आहे. एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवलं आहे, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय करायचं ते दिसेल.

## तयारी: चार कागद, एक कॅलेंडर

संगणकावर नवी फाइल उघडून ‘प्रकरण १’ टाइप करायचं नाही. आधी चार वेगळे कागद घ्या, वहीतले किंवा स्प्रेडशीटमधले. पहिल्यावर खुनांची खरी हकीकत, दुसऱ्यावर टोळीचा पैसा, तिसऱ्यावर कुणाला काय माहीत, चौथ्यावर पुरावे. शिवाय एक कॅलेंडर, ज्यात कादंबरीतला प्रत्येक दिवस वारासकट लिहिलेला असेल. वार लागतोच. बँक, कोर्ट, बाजाराचा दिवस, सुट्टी सगळं वारावर चालतं, आणि वाचक हे नेमकं पकडतात.

कादंबरी कुठे घडते हेही आताच ठरवा. कायदा, पोलिसांच्या पायऱ्या, अटकेची मुदत हे सगळं त्या जागेप्रमाणे बदलतं. ‘एका शहरात’ असं मोघम ठेवलंत तर तपास परदेशी मालिकांमधून उचलल्यासारखा दिसतो.

## टप्पा १: कोडं नेमकं कशाचं आहे ते ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. टोळीच्या खुनात ‘गोळी कुणी झाडली’ हे सहसा कोडं नसतं. शूटर भाड्याचा असतो, त्याचं मेलेल्याशी काही देणंघेणं नसतं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव ठाऊक असतं. चारशे पानांनंतर तुम्ही शूटरचं नाव सांगितलंत तर वाचक म्हणेल, बरं, मग?

कोडं दुसरीकडे शोधायला हवं. सुपारी कुणी दिली? नेमकी आत्ताच का दिली? हा खरंच टोळीचा खून आहे, की कुणीतरी आपलं खासगी वैर टोळीच्या नावावर खपवलंय? आणि माझ्या मते या विषयाला सगळ्यात शोभणारा प्रश्न: मेलेला माणूस त्या वेळी तिथे असणार, ही टीप कुणी दिली?

टीपेचा प्रश्न शोभतो, कारण टीप म्हणजे माहिती, आणि माहिती कुठल्याही घरातून बाहेर जाऊ शकते. पोलीस नवरा-बायकोच्या घरातूनही.

आपलं उदाहरण असं धरू. तीन खून. पहिला टोळीसाठी वसुली करणाऱ्याचा. दुसरा टोळीच्या हिशेबनिसाचा, जो पोलिसांशी बोलायला तयार झाला होता. तिसरा एका खबऱ्याचा. मुख्य कोडं: हिशेबनीस बोलणार आहे हे टोळीला कळलं कसं?

तपासा: तुमचं कोडं एका प्रश्नार्थक वाक्यात मावतं का? वाक्यात ‘आणि’ आला तर दोन कोडी आहेत. एक निवडा, दुसरं उपकथानकात टाका.

## टप्पा २: खुनांची खरी हकीकत लिहून काढा

पहिल्या कागदावर पोलिसांचा तपास अजिबात नको. जे घडलं ते घडलं त्याच क्रमाने, खून करणाऱ्यांच्या बाजूने लिहा. कोरडं लिहा, पंचनाम्यासारखं. शैली इथे कामाची नाही.

आपल्या उदाहरणात ते असं होईल. हिशेबनीस दोन वर्षं वहीत फेरफार करून पैसे काढतोय. म्होरक्याला तूट दिसते, संशय वसुलीवाल्यावर जातो, त्याला उडवतात. आपल्या चोरीपायी दुसरा मेला हे हिशेबनिसाला कळतं, आणि आज ना उद्या आपली पाळी हेही. तो खुनाचा तपास करणाऱ्या अधिकारी बाईंना निरोप पाठवतो: गुरुवारी भेटतो. बाई रात्री जेवताना घरी एवढंच म्हणतात, “गुरुवारी एक जण येतोय. आला तर केस उभी राहील.” नवरा संघटित गुन्हेगारीच्या पथकात. टोळीतलं कोण फुटू शकतं याचा तो अंदाज बांधतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या खबऱ्याला विचारतो, “तुमचा हिशेबवाला गुरुवारी कुठे असतो रे?” हेतू चांगला आहे, माणसावर नजर ठेवायची, त्याला सांभाळायचं. पण खबरी दोन्हीकडे विकणारा. पोलिसाने असा प्रश्न विचारला, हीच बातमी तो टोळीला विकतो. गुरुवारी रात्री ९:४५ ला हिशेबनीस मरतो. पुढे दोन्हीकडे विकणारा खबरी म्होरक्याला नकोसा होतो, आणि तोही जातो.

म्हणजे टीप घरातून गेली. कुणी गद्दारी केली नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत. जेवणाच्या टेबलावरचं एक वाक्य आणि कर्तव्य म्हणून विचारलेला एक प्रश्न.

या पानावर प्रत्येक घटनेपुढे वार आणि वेळ घाला. ‘रात्री उशिरा’ चालणार नाही.

सावध: या कागदात ‘योगायोगाने’ हा शब्द एकदा चालतो. दुसऱ्यांदा आला की हकीकत पुन्हा रचा.

## टप्पा ३: टोळीचा हिशेब मांडा

टोळी म्हणजे काळे चष्मे, शिव्या आणि बंदुका, असं समजून लिहिलेली पानं मी सरळ उलटते. टोळी हा धंदा आहे. दुसऱ्या कागदावर पैसा कुठून येतो, गोळा कोण करतो, मोजतो कोण, ठेवतो कोण, आणि यातला एक मेला की त्याचा वाटा कुणाकडे जातो ते लिहा. शेवटच्या रकान्यातून खुनाची कारणं आपोआप निघतात.

शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला अखेर तुरुंगात धाडलं ते १९३१ साली, करचुकवेगिरीच्या खटल्यात, आणि शिक्षा झाली ११ वर्षांची. खुनाचा एकही आरोप त्याच्यावर सिद्ध झाला नाही. तुमच्या कादंबरीतही वहीचा माग बंदुकीच्या मागापेक्षा पुढे जायला हरकत नाही. हिशेबनीस हे पात्र म्हणूनच इतकं उपयोगी: त्याला सगळं माहीत असतं आणि तो कुणालाच घाबरवत नाही.

याच कागदावर खाली लिहा: कोण गप्प का बसतं? त्याच शिकागोत १४ फेब्रुवारी १९२९ ला एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. त्यातला फ्रँक गुझेनबर्ग पोलीस पोहोचले तेव्हा जिवंत होता, अंगात १४ गोळ्या. कुणी मारलं विचारल्यावर, मला कुणीच मारलं नाही, असं तो सांगत राहिला आणि काही तासांत मेला. टोळीकथेत साक्षीदार बोलत नाही हे गृहीत धरूनच तपास रचावा लागतो. दुसऱ्या बाजूला सिसिलीच्या माफियातला तोमासो बुशेत्ता १९८४ मध्ये बोलायला लागला तेव्हा त्याच्या घरातली कितीतरी माणसं विरोधी गटाने मारलेली होती. त्याच्या जबाबाच्या आधारावर उभ्या राहिलेल्या पालेर्मोच्या खटल्यात १९८७ मध्ये तीनशेहून जास्त आरोपी दोषी ठरले. म्हणजे माणूस बोलतो, पण त्याला तेवढंच जबर कारण लागतं. पोलिसाने टेबलावर मूठ आपटली म्हणून कुणी बोलत नाही.

## टप्पा ४: दोघांची नेमणूक

‘दोघं एकाच केसवर कसे?’ हा प्रश्न वाचक तिसऱ्या पानावर विचारतो. पतीने पत्नीच्या किंवा पत्नीने पतीच्या थेट हाताखाली काम करू नये, असा नियम किंवा निदान संकेत बऱ्याच पोलीस दलांत असतो. तो मोडून तुम्ही दोघांना जोडीदार म्हणून एकाच गाडीत बसवलंत, तर कारण द्यावं लागेल, आणि ते कारण सहसा लटकं निघतं.

शक्य त्या मांडण्या अशा आहेत. दोघं एकाच पथकात, वरिष्ठांनी अपवाद केलेला. दोघं वेगळ्या पथकांत, आणि दोन वेगळ्या केसेस मुळात एकच असल्याचं हळूहळू उघड होतं. एक जण तपासात, दुसरा खात्यांतर्गत चौकशीत. किंवा एक निलंबित, एक कामावर. पहिली मांडणी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात लवकर संपते, कारण दोघांना सगळं सारखंच कळतं. मी दुसरी घेईन. तिच्याकडे खून, त्याच्याकडे टोळी. दोघांच्या गोपनीयतेच्या अटी वेगळ्या, वरिष्ठ वेगळे, आणि घर एक.

हुद्देही ठरवा. बायको एका पायरीने वर असेल तर काय होतं? मला वाटतं कथेला गती येते, पण त्याचं रडगाणं करू नका. ‘त्याचा पुरुषी अहंकार दुखावला’ या वाक्यावर तीन प्रकरणं ढकलणारी हस्तलिखितं मी पाहिली आहेत.

आणि बचावाचा वकील विसरू नका. एका केसमध्ये पुरावा बायकोने गोळा केला, साक्षीदार नवऱ्याने आणला, हे कोर्टात सोन्यासारखं शस्त्र आहे. तो वकील शेवटच्या प्रकरणात आला नाही तरी पहिल्यापासून दोघांच्या डोक्यात असायला हवा.

या कामात घर आणि धोका वेगळे राहत नाहीत, याचं खरं उदाहरण इटलीत आहे. माफियाविरोधी न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि त्यांच्या पत्नी फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो, त्याही न्यायदंडाधिकारी. २३ मे १९९२ ला सिसिलीतल्या कापाचीजवळ महामार्गाखाली पेरलेल्या स्फोटात दोघं गेले, तीन अंगरक्षकांसह. त्या दिवशी गाडी स्वतः फाल्कोने चालवत होते, पत्नी शेजारी होती आणि त्यांचा चालक मागच्या सीटवर. चालक वाचला. असा साधा, कुणी मुद्दाम न ठरवलेला तपशील कादंबरीत सापडला की पान जिवंत होतं.

## टप्पा ५: कुणाला काय माहीत याचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी दोन आठवडे देते. तक्त्याला सहा रकाने: प्रकरण, खरं काय, तिला काय माहीत, त्याला काय माहीत, तिला वाटतं की त्याला काय माहीत, आणि वाचकाला काय माहीत.

पाचवा रकाना लोक गाळतात, आणि लग्न नेमकं त्याच रकान्यात असतं. सहकारी गप्प राहिला तर ते गोपनीयतेत बसतं. नवरा गप्प राहिला तर बायको त्या गप्पपणाचा अर्थ लावते, दहा वर्षांच्या अनुभवावरून लावते, आणि म्हणूनच चुकते.

हा तक्ता न करता मी एकदा एक दीर्घकथा लिहिली होती. सातव्या प्रकरणात बायको एका साक्षीदाराचा पत्ता सांगते. तो पत्ता नवऱ्याला नवव्यात कळतो, आणि तिला त्याच्याकडूनच कळायचा असतो. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्यांनी हस्तलिखित परत दिलं, त्या ओळीशेजारी पेन्सिलीने एकच शब्द लिहून: “कुठून?” तीन प्रकरणं फाडावी लागली.

आता उदाहरणातला एक प्रसंग जवळून पाहू. दुसऱ्या खुनानंतर ती सीसीटीव्हीतल्या एका चौकटीची छापील प्रत घरी पाहत बसली आहे. घटनास्थळाकडे चालत जाणारा एक माणूस. तो माणूस म्हणजे नवऱ्याचा खबरी. नवऱ्याला कळलंय, तिला सांगता येत नाही. कच्च्या लेखनात हे असं येतं:

“ती छबी पाहताच त्याच्या पायाखालची जमीन सरकली. हा तर आपला खबरी! पण तिला सांगणं शक्य नव्हतं. त्याने चेहरा निर्विकार ठेवला.”

सगळं सांगून टाकलं, वाचकाला काही काम उरलं नाही. हेच तिच्या बाजूने लिहून पाहा:

“तिने कागद त्याच्याकडे सरकवला. ‘हा कुठे पाहिलायस?’

‘चेहरा नीट दिसत नाही.’ त्याने तांब्या उचलला, तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

‘भरलेलाच होता,’ ती म्हणाली.

पाणी टेबलावरून कागदाकडे निघालं होतं. त्याने आधी कागद उचलला, मग फडकं आणायला उठला.”

वाचकाला सांडलेलं पाणी दिसलं, तिलाही दिसलं. तिने ते थकव्याच्या खात्यात टाकलं. तेरा प्रकरणांनंतर तिला आठवेल की चेहरा दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाने फडक्याआधी कागद वाचवला. तक्त्यात या प्रसंगाची नोंद अशी पडते: त्याला माहीत, तिला नाही, तिला वाटतं त्यालाही नाही, वाचकाला शंका.

तपासा: दोन रकाने सलग तीन प्रकरणं सारखेच राहिलेत का? मग त्या तीन प्रकरणांत काही घडत नाहीये, गोळीबार कितीही असो.

## टप्पा ६: पुरावे आणि घड्याळ

चौथ्या कागदावर प्रत्येक पुराव्यापुढे तीन गोष्टी लिहा: तो कुठल्या प्रकरणात दिसतो, तेव्हा त्याचा काय अर्थ लावला जातो, आणि खरा अर्थ काय. खोटा अर्थ लिहिता आला नाही तर तो पुरावा रहस्यकथेच्या कामाचा नाही.

हत्यारांच्या बाबतीत ठरलेल्या चुका होतात. रिव्हॉल्व्हरमधून रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडत नाहीत, त्या चक्रातच राहतात. जमिनीवर पुंगळ्या सापडल्या तर हत्यार बहुधा सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. सायलेन्सर लावला की ‘फुस्स’ एवढाच आवाज येतो, हे पडद्यावरचं. पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्या घरात असतो, सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा होणारच. हातावरचे बंदुकीच्या दारूचे कण काही तासांत झडतात, हात धुतले की जातात, आणि दुसऱ्याच्या हातावरून लागूही शकतात. त्यांच्यावर अख्खा निकाल टांगू नका.

पुंगळ्यांकडून मात्र खूप काही मिळतं. शिकागोच्या गॅरेजमधल्या त्याच हत्याकांडात शस्त्रतज्ज्ञ कॅल्व्हिन गॉडार्ड यांनी गोळ्या आणि पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ताडून दोन थॉम्प्सन बंदुका वापरल्याचं दाखवलं. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या गणवेशात आले होते, म्हणून पोलिसांकडच्या थॉम्प्सनही तपासल्या गेल्या आणि त्या वापरल्या नसल्याचं निघालं. तपास करणाऱ्यांवरच संशय, आणि तो पुराव्याने दूर करायचा: नवरा-बायकोच्या कादंबरीत ही चाल चपखल बसते.

मृत्यूची वेळ ‘९:४० ते ९:५० दरम्यान’ असं शवविच्छेदन करणारा डॉक्टर कधीच सांगत नाही. ताठरता साधारण दोन ते चार तासांत जबडा-मानेपासून दिसू लागते, बारा तासांच्या आसपास सगळ्या शरीरात पसरते, पुढे दीड-दोन दिवसांत उतरते, आणि उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. अंगावरचे रक्त साकळल्याचे डाग साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात. त्यानंतर प्रेत हलवलं तर डागांची जागा चुगली करते. डॉक्टरकडून पल्ला घ्या, नेमकी वेळ दुसरीकडून आणा. आपल्या उदाहरणात हिशेबनीस फोनवर बोलत असताना कॉल तुटतो, ९:४५.

मोबाइलच्या टॉवरवरून माणूस कुठल्या परिसरात होता एवढंच कळतं. ‘लोकेशन काढलं, तो तिसऱ्या मजल्यावर आहे’ हे वाक्य आजच खोडा.

आता उदाहरणातला मुख्य पुरावा. सीसीटीव्हीत खबरी घटनास्थळाकडे जाताना दिसतो, पडद्यावर वेळ ९:५२. खून ९:४५ चा. म्हणजे हा गर्दी पाहून गेलेला बघ्या, असा सरळ अर्थ. नवरा मनात हाच अर्थ घट्ट धरून बसतो, कारण त्यामुळे त्याचा खबरी सुटतो आणि तो स्वतःही. पण फुटेज ताब्यात घेताना त्या यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून फरक नोंदवायचा असतो. बायकोच्या पंचनाम्यात ती ओळ आहे: घड्याळ ११ मिनिटं पुढे. खरी वेळ ९:४१. खबरी खुनाच्या चार मिनिटं आधी तिकडे चालला होता. माणूस दाखवून द्यायला.

ही ओळ सहाव्या प्रकरणात द्या, पंचनाम्यातल्या इतर सात-आठ रटाळ नोंदींच्या मधोमध. वजाबाकी एकविसाव्यात करा.

सावध: वेळ पुढे असेल तर वजा करायची, मागे असेल तर मिळवायची. हसू नका, निम्म्या हस्तलिखितांत हे उलटं असतं.

## टप्पा ७: प्रकरणांची जुळणी

आता कुठे वाचकाचा क्रम. प्रत्येक प्रकरणाची एक चिठ्ठी करा, जमिनीवर पसरा, हलवा. पहिलं प्रकरण शेवटी ठरलं तरी चालेल.

दृष्टिकोन हा इथला खड्डा. एक प्रकरण ती, एक तो, अशी आलटून-पालटून मांडणी सगळ्यांना आवडते. पण त्याच्या डोक्यात शिरून तुम्ही त्याचा खबऱ्याला विचारलेला प्रश्न लपवलात, तर शेवटी वाचक पुस्तक भिरकावतो, आणि बरोबर करतो. उपाय लपवण्यात नाही. तो प्रश्न चौथ्या प्रकरणात पानावर यायलाच हवा, उघड्यावर, एका चांगल्या अधिकाऱ्याच्या पाच-सहा प्रश्नांपैकी एक म्हणून. त्यानंतर लगेच काहीतरी लक्ष वेधणारं घडू द्या, एखादा फोन, एखादी अटक. वाचकाने तो पाहिलेला असतो, फक्त मोजलेला नसतो. जेवणाच्या टेबलावरचं गुरुवारचं वाक्यही तसंच, तिसऱ्या प्रकरणात, भाजीत मीठ कमी असल्याच्या बोलण्याला लागून.

## टप्पा ८: घरातली प्रकरणं

कमी ठेवा. घरातल्या प्रत्येक प्रसंगात एक तरी माहिती हात बदलते किंवा अडवली जाते, असं नसेल तर प्रसंग काढा. चहा, मुलांचा अभ्यास, सासूचा फोन यांना माझा विरोध नाही. माहिती त्यांच्या आडूनच सरकते.

मुलाचं किंवा बायकोचं अपहरण करू नका. कथानक अडलं की लेखकाला हाच दरवाजा दिसतो. ती स्वतः तपास अधिकारी असताना तिला खुर्चीला बांधून ठेवणं म्हणजे तिची तीनशे पानं वाया घालवणं.

## टप्पा ९: चौकशी, कबुली आणि शेवट

आरोपीने खुर्चीत बसून सगळी हकीकत सांगून टाकायची, हा शेवट टाळा. तो कंटाळवाणा आहे हे एक, आणि कायद्यात टिकेल का हे दुसरं. भारतात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली सर्वसाधारणपणे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोका (संघटित गुन्हेगारी नियंत्रण) कायद्यात अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली, अटी पाळल्या तर, चालते. दुसऱ्या देशांत नियम वेगळे. कादंबरी जिथे घडते तिथला कायदा एखाद्या फौजदारी वकिलाकडून समजून घ्या. तासाभरात जे कळेल ते दहा पुस्तकांत मिळणार नाही.

आपल्या कादंबरीचा खरा शेवट चौकशीच्या खोलीत नाहीच. तो तिच्या केस डायरीत आहे. टीप कशी गेली हे तिला कळलं. लिहिलं, तर नवरा संपला, आणि पहिली कडी तिचंच जेवतानाचं वाक्य असल्यामुळे तीही. नाही लिहिलं, तर म्होरक्यापर्यंत जाणारी साखळी मधेच तुटते, कारण खबरी मेलाय आणि त्या प्रश्नाचा साक्षीदार एकटा नवरा उरलाय. म्हणजे म्होरक्याला अडकवायचं तर तिला स्वतःच्या नवऱ्याचा जबाब नोंदवायला लावावा लागेल, दुसऱ्या अधिकाऱ्याकडून.

ती काय करते हे टप्पा २ च्या कागदावर, सगळ्यात खाली, आधीच लिहिलेलं असायला हवं. ‘लिहिता लिहिता ठरेल’ म्हणणाऱ्यांचा शेवट बदलीच्या आदेशावर होतो.

तपासा: शेवट वाचताना दोघांपैकी एक जण पूर्ण निर्दोष सुटतो का? सुटत असेल तर टीपेची साखळी पुन्हा पाहा, एखादी कडी सैल आहे.

## टप्पा १०: उलटं वाचन

पहिला खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग शेवटच्या प्रकरणापासून पहिल्याकडे वाचा. प्रत्येक उलगड्याला, “हे वाचकाला आधी कुठे दिसलं?” असं विचारा आणि पान क्रमांक समासात लिहा. क्रमांक सापडला नाही तर वाचकाची फसवणूक झालीय. एकाच उलगड्याला चार क्रमांक सापडले तर त्याला तो फार आधी कळलाय, दोन पुरेत.

कॅलेंडरशी एकदा ताडा. फक्त तिचे संवाद सलग वाचा, मग फक्त त्याचे. दोघांचं बोलणं सारखं वाटलं तर एकाची वाक्यं तोडून आखूड करा.

मग खर्डा तिघांना द्या: एक रहस्यकथा कोळून प्यालेला, एक कधीच न वाचणारा, आणि एक असं माणूस ज्याचा जोडीदार त्याच्याच क्षेत्रात काम करतो. आवडली का, हे विचारू नका. एवढंच विचारा: नवऱ्यावर पहिला संशय कितव्या पानावर आला? उत्तर शंभराच्या आत असेल तर गुरुवारचं वाक्य फार ठळक पडलंय, त्याच्याआधी मिठाची ओळ आहे, ती नंतर टाका आणि परत द्या.